'रायाजी'चे निशाण

खडपदुर्गावर तांबडे फुटले, खाडीच्या मुखावरचे धुके विरले, आणि दर्याबुरुजाखाली नांगरलेली 'रायाजी' गुराब भरतीवर डुलू लागली, तेव्हा तटावरच्या पहारेकऱ्यांनी रोजच्याप्रमाणे तिला मुजरा केला. रायाजी मयेकर हा या आरमाराचा वीर. निशाण न उतरवता तो टोपीकरांशी झुंजत जहाजासकट बुडाला होता. त्याच्या नावाची ही तिसरी गुराब. ती निघाली की सारे आरमार तिच्यामागे निघे आणि तिच्यावर आपली तोफ कधी वळत नसे, असा रिवाज होता.

या नावावरच सुभेदार जिवाजीराव तोरस्करांचा डोळा होता. चिरंजीव फत्तेसिंगासाठी त्यांनी तीन डोलकाठ्यांची नवी गुराब बांधवली होती. त्यांनी रायाजीचा नातू आणि 'रायाजी'चा सरदार अंबाजी मयेकर याला सदरेवर बोलावले.

"अंबाजीराव, तुमची गुराब थकली. नाव नव्या जहाजाला द्यावे, अशी आमची मर्जी आहे."

"मर्जी शिरसावंद्य, सरकार. पण एका नावाची दोन जहाजं दर्यावर चालत नाहीत. जुनं बुडाल्याबिगर नाव मोकळं होत नाही."

भाबड्या माणसाने आपल्या मरणाची वाट आपणच दाखवली. सुभेदार हसले, त्यांनी स्वहस्ते विडा दिला.

आठवडा उलटतो न उलटतो तोच टोपीकरांची जहाजे क्षितिजावर दिसली. "तुम्ही पुढे व्हा, तोफेचा बार ऐकताच उरलेले आरमार पाठीशी येईल," असा सुभेदारांचा हुकूम झाला. अंबाजी गेला. बार झाला, पुन्हा झाला. बंदरातल्या गुराबांचे नांगर मात्र उचलले गेले नाहीत, कारण सुभेदारांच्या लेखी परवानगीशिवाय नांगर उचलणाऱ्याची मान उडेल, अशी ताकीद आदल्या दिवशीच फिरली होती. अंबाजीची बायको भिवराबाई बुरुजावरून सारे पाहत होती. निशाण शेवटपर्यंत वर होते. मग तेही पाण्यात गेले.

सुतक फिटायच्या आत नव्या गुराबेवर नारळ फुटला, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, 'रायाजी' हे नाव कोरले गेले. खलाशांनी मुंड्या खाली घालून दोर ओढले. पोट कुणाला सुटले आहे?

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पहिल्याच गाठीला, एक गोळा डोक्यावरून गेला मात्र, फत्तेसिंगाने निशाण उतरवले आणि जहाजासकट तो कैद झाला. टोपीकर हुशार. त्यांनी जहाजावर आपले निशाण चढवले, नाळेवरचे नाव मात्र तसेच ठेवले, आणि एका सकाळी तीच गुराब पुढे घालून ते खडपदुर्गावर चालून आले.

गोलंदाजांनी नाव ओळखले आणि तोफा सोडून हात जोडले.

"अरे, डागा!" भिवराबाई धावत आली.

म्हातारा गोलंदाज सोनजी रडत म्हणाला, "वहिनीसाहेब, रायाजीवर तोफ? सात पिढ्या नरकात जातील माझ्या!"

"ते नाव माझ्या घरचं आहे, सोनजीबाबा. पाप लागलं तर मला लागू दे. आणा ती बत्ती."

तेवढ्यात सुभेदार धापा टाकत वर आले. "बाई, हात आवरा! आमचा फत्ते त्या जहाजावर आहे!"

"माझा धनी पण जहाजावरच होता, सरकार. तुमच्या कानांवर बार आले नव्हते?"

तिने तोफेच्या कानाला बत्ती दिली. गोळ्याने मधली डोलकाठी मोडली, टोपीकरांचे निशाण दर्यात पडले, आणि क्षणभर तटावरच्या माणसांना कंठ फुटला. पण दुसरा गोळा भरायला कुणी पुढे आले नाही. सुभेदारांच्या हशमांनी तिला धरले. दुपारी सुभेदारांनी किल्ल्यावर पांढरे निशाण लावले.

सुभेदारांना लेक परत मिळाला, वतनही राहिले. भिवराबाईला त्यांनी टोपीकरांच्या हवाली केले. तिचे पुढे काय झाले, हे कुणी विचारलेही नाही. मोडली डोलकाठी नवी बसवून टोपीकरांनी ती गुराब पुढे कित्येक वर्षे त्याच किनाऱ्यावर वसुलीला फिरवली. नाव वाचून गावोगावचे कोळी होड्या थांबवत, उभे राहून हात जोडत. जहाजावरचे टोपीकर ते पाहून हसत.