सातव्या घरातली युती

ट्राममध्ये बायकांच्या बाकावर एक तरुण खुशाल बसला होता. मांडीवर कापडात गुंडाळलेली सुरळी, नजर खिडकीबाहेर.

“दादा, एटा लेडीज सीट,” मी म्हटलं.

तो दचकून उठला. “आता हिची माफी बंगालीत कशी मागायची...” स्वतःशीच पुटपुटला.

“मराठीत मागितलीत तरी चालेल.”

त्याचे कान लालबुंद झाले. मी तोंड फिरवून हसले.

हाजरा मोडला, म्हणजे हाजऱ्याच्या चौकात, आम्ही दोघंही उतरलो. मी वळले त्याच गल्लीत तोही वळला. मी थांबून मागे पाहिलं.

“पाठलाग नाही हो!” तो घाईघाईनं म्हणाला. “दिगंबरपंत आगटे... ज्योतिषी... इथंच राहतात ना?”

“राहतात. माझे बाबा आहेत ते.”

असा मुकुंद घारपुरे आमच्या घरी आला. हवामान खात्यातला, पुण्याहून नुकताच अलीपूरला बदलून आलेला.

बाबांनी इथल्या शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं होतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तरी पत्रिका पाहणं सुटलं नव्हतं. मी वाचायची, ते सांगायचे. गोड बोलून कुणाला फसवायचं नाही, हा त्यांचा बाणा. म्हणून तर पार पुण्या-नागपूरहून पत्रिका येत.

“ही माझी पत्रिका. आईनं पाठवलीय,” मुकुंद म्हणाला. “तीन ज्योतिष्यांकडून नकार आले. आता शेवटचा शब्द तुमचा. तुम्हीही नाही म्हणालात, तर ती माझ्या लग्नाचा विषयच सोडणार आहे.”

“ठेवून जा,” बाबा म्हणाले. “नंबर लागला की सांगेन.”

“चहा खाणार का?” मी विचारलं.

“खातो की... चावून खायचा की गिळायचा?”

जन्म इथला, शेजार बंगाली, आणि बंगालीत चहा खातातच. माझ्या मराठीचं असं व्हायचंच. पण इतकं छान कुणी चिडवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. “नंबर लागला का?”

“नाही अजून.”

“मग पाऊण तास बसतो. पाऊस येणार आहे.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं. “तुमच्या खात्याचा अंदाज?”

“नाही, माझा.”

फाल्गुन लागला. फूटपाथवर काटेसावरीची लाल फुलं पडू लागली. तो येताना एखादं उचलून आणायचा आणि खिडकीत ठेवून द्यायचा. मी ते पाण्यात घालायची. आणि दर शनिवारी त्याची पत्रिका गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायची.

कारण एका दुपारी मी ती उघडून पाहिली होती. सातव्या घरात, म्हणजे विवाहाच्या घरात, शनी आणि मंगळ एकत्र बसले होते. त्या तीन नकारांचं कारण समोरच होतं.

पाचव्या रविवारी तो आला तो गंभीर चेहऱ्यानं. “आईचं पत्र आलंय. उत्तर हवंय तिला.”

“शकुन, काढ ती पत्रिका,” बाबा म्हणाले.

मी वाचू लागले. जन्म शके अठराशे एकोणपन्नास, पौष महिना, दुपारी चारची वेळ. वृषभ लग्न. सप्तमात मंगळ... समोर मुकुंद हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बसला होता.

“आणि शनी?” बाबांनी विचारलं.

“शनी... सहाव्यात.”

बाबांची बोटं मांडीवर घरं मोजत होती. मला ती पाहवेनात. ज्यांना मी डोळे म्हणून लाभले होते, त्यांनाच मी फसवत होते.

“बाबा, मी खोटं वाचलं. शनी सातव्यातच आहे. मंगळाजवळ.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “त्या पौषात शनी वृश्चिकेत होता. अडीच वर्षांत एक रास चालणारा म्हातारा तो. तू म्हणालीस म्हणून तुळेत मागे धावेल होय?” मग ते मुकुंदाकडे वळले. “ऐका. त्या तिघांनी दोन नावं वाचली, घर कुणाचं ते पाहिलंच नाही. सातव्यात वृश्चिक, आणि ते मंगळाचंच घर. आपल्या घरात कुणी तोडफोड करत नाही. आणि वृषभ लग्नाला शनी भाग्याचा धनी. एकाला घाई, दुसरा त्याला आवरतो. अशा माणसाचं लग्न उशिरा जुळतं, पण जुळलं की मोडत नाही. हे मी कुणाचं मन राखायला सांगत नाहीये. तसंच लिहा आईंना.”

काठी टेकत ते आत गेले.

मी खाली मान घालून पत्रिका गुंडाळू लागले. सुरळी काही केल्या सरळ होईना. मुकुंदानं दुसरं टोक धरलं.

“मला ती युती पाठ आहे,” तो हळूच म्हणाला. “तीन पत्रांत वाचलीय. तुम्ही शनी हलवलात हे लगेच कळलं. का हलवलात?”

“तुम्हाला चौथा नकार यायला नको होता.”

“एवढंच?”

कोपऱ्यावरून ट्राम खडखडत गेली.

“आणि होकार आलाच... तर तो दुसऱ्या कुणाचा यायला नको होता.”

त्यानं माझ्या हातातली सुरळी घेऊन बाजूला ठेवली. पण हात तसाच पुढे राहिला.

“मग तू दे ना,” तो म्हणाला.

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला तो मला.

मी दिला.