पट्टा गार पडू देऊ नये

साताऱ्याच्या मातृविज्ञान केंद्रात त्या सकाळी सुकन्या बोंद्रेचा रक्तदाब एकशे साठ आणि एकशे सहा भरला, आणि डॉ. नीलांबरी घैसास यांना पहिल्यांदाच आपल्याच यंत्राची भीती वाटली.

यंत्र म्हणजे मनगटाला बांधायचा एक पट्टा. त्याला त्यांनी वारश्रवणी असं नाव दिलं होतं. पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या वारेला रक्त कमी पडू लागलं की ती आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते. ती तिची हाक असते: दाब वाढव, मला जास्त पाठव. त्या हाकेने आईच्या रक्तवाहिन्या आखडतात, मूत्रपिंडं थकतात आणि शेवटी झटके येतात. सुरुवातीला ही हाक इतकी बारीक असते की नेहमीच्या तपासण्यांना ती सापडत नाही. वारश्रवणीत रक्तवाहिनीच्या जिवंत पेशींचा एक थर होता. कातडीतून झिरपणाऱ्या ओलाव्यात हाक जाणवली की त्या पेशी लाल पडत. पट्टा लाल पडला की सात ते नऊ दिवसांत झटके ठरलेले. दोन वर्षांत हा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

सुकन्याचा पट्टा लाल होऊन आज सहावा दिवस होता. तिला सत्ताविसावा आठवडा लागला होता.

खोलीबाहेर प्रसूतितज्ज्ञ डॉ. मुजावर वाट पाहत उभे होते. या आजारावर एकच खरा उपाय, वार बाहेर काढणं. म्हणजे बाळही बाहेर काढणं. वजन जेमतेम नऊशे ग्रॅम, फुप्फुसं कच्ची. तरीही ते म्हणाले, "मॅडम, दुपारी शस्त्रक्रिया करू. उद्या झटका आला तर दोघंही जातील."

"लघवीत प्रथिनं नाहीत, सर. यकृत ठीक आहे, प्लेटलेट्स ठीक आहेत. सहा दिवसांत काहीतरी बिघडायला हवं होतं."

"दाब चढतोय की."

"तिला सांगितलंय की आठवड्याभरात झटके येतील. तुमचा चढला नसता?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण भीतीने चढलेला दाब आणि वारेने चढवलेला दाब, काट्यावर दोन्ही सारखेच दिसतात. घैसासबाईंनी पट्ट्याकडेच पुन्हा विचारायला हवं होतं, आणि तिथेच अडत होतं. एकदा लाल पडलेल्या पेशी पुन्हा पूर्ववत होत नसत. नवा पट्टा वाढवायला सहा दिवस लागत. तो आज डोंगरापलीकडच्या पेशीशाळेत तयार झाला होता आणि परिचारिका कुंदा तांबवेकर तो आणायला गेली होती. बाईंनी दोन तास मागून घेतले.

तेवढा वेळ त्या सुकन्याजवळ बसल्या. सुकन्या छताकडे बघत पडली होती. दोन्ही हात पोटावर होते, हातांत हिरवा चुडा अजून भरलेला होता. बाळ हललं की ती मोजायची, नाही हललं की तिचा श्वास अडकायचा. ती हळूच म्हणाली, "मॅडम, नऊशे ग्रॅम म्हणजे केवढं हो? आमच्याकडे साखर किलोने आणतात, त्याहून कमी."

विषय बदलायला बाईंनी चुड्याचं विचारलं. सुकन्याने सांगितलं की सातव्या महिन्याची ओटी भरली तेव्हाचा हा चुडा. दोन्ही हात भरून बांगड्या हव्यात, असा सासूबाईंचा हट्ट होता. पट्टा मध्ये येत होता, म्हणून कासार आल्यावर तो काढला आणि पाहुणे गेल्यावर पुन्हा बांधला.

"किती वेळ काढला होता?"

"चारेक तास. पण गार पडू दिला नाही, मॅडम. कुंदाताई तपासणीला आल्या होत्या, त्यांनीच घालून ठेवला. जेवल्याही नाहीत बिचाऱ्या, पित्ताने डोकं धरून बसल्या होत्या. संध्याकाळी माझ्या हातात बांधला आणि सकाळी बघतो तर लाल."

बाईंनी मान डोलावली. पट्ट्यातल्या पेशी दहा मिनिटं गार पडल्या तर मरत, म्हणून तो सतत कुणाच्या तरी अंगाच्या उबेत हवा. पेशीशाळेतून पट्टे आणतानासुद्धा परिचारिका ते स्वतःच्या मनगटावरच घालून आणत. नियम बाईंनीच लिहिला होता: पट्टा गार पडू देऊ नये. असे अकरा नियम त्यांनी लिहिले होते आणि भिंतीवर लावले होते. कुंदाने तर ते शब्दशः पाळले होते. तरी यात काहीतरी खटकत होतं. काय, ते बाईंना लगेच कळेना.

साडेअकराला कुंदा आली. जिना चढून तिला धाप लागली होती. अंगात नेहमीचा ढगळ पांढरा कोट होता, आणि चपलेचे पट्टे सुटे ठेवले होते. सूज आलेल्या पावलांवर ते बसतच नव्हते. ती म्हणाली, "उशीर झाला, मॅडम. घाटात जरा डोळ्यापुढे काजवे चमकले. पित्तच आहे, गोळी घेतली."

तिच्यामागून आत आलेल्या डॉ. मुजावरांनी पट्ट्यासाठी हात पुढे केला. कुंदाने कोटाची बाही वर सारली.

पट्टा लाल होता.

तो सुकन्याच्या हाताला अजून लागलाही नव्हता. पेशीशाळेतून निघाला तेव्हा पांढरा होता आणि त्यानंतर फक्त एका मनगटावर होता. सहा दिवसांपूर्वी त्या मनगटावर चार तास काढूनही पट्टा लाल पडायला रात्र जावी लागली होती. आज घाटातली चाळीस मिनिटं पुरली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशात आपण एका धडधाकट बाईचं पोट फाडायला निघालो होतो, हे बाईंच्या लक्षात आलं.

"कुंदा, किती महिने झाले?"

कुंदाने कोटाच्या आतून पोटाला हात लावला. "पाच भरले. आधीची दोन तिसऱ्यातच गेली. दोन्ही वेळा मी आनंदाने सगळीकडे सांगत सुटले होते. आई म्हणाली, या वेळी दिसेपर्यंत कुणाला सांगू नकोस, स्वतःलासुद्धा. म्हणून मी दाबही नाही बघितला कधी."

गरोदर परिचारिकेने दुसरीचा पट्टा घालू नये, अशा बाराव्या नियमाची गरज पडेल, असं बाईंना कधी वाटलंच नव्हतं. आपल्या हाताखालची बाई गरोदर राहिली तर ती येऊन पेढे देईल, असं त्या धरून चालल्या होत्या.

डॉ. मुजावरांनी कुंदाला खुर्चीत बसवून दाब घेतला. एकशे अठ्ठ्याऐंशी आणि एकशे वीस. त्यांनी तो मोठ्याने सांगितला नाही, पण कुंदाने काटा पाहिला. वाचता येतं हेच तिचं दुर्दैव होतं. सहा दिवस तिने रोज सुकन्याच्या उशाशी उभं राहून दिवस मोजले होते. ते दिवस तिचेच होते.

सुकन्या आपण होऊन उठली आणि पलंग मोकळा केला. कुंदाला त्यावर निजवून शिरेतून औषध सुरू झालं. सत्ताविसाव्या आठवड्यात बाळाला निदान काचपेटीत तरी ठेवता येतं. बाविसाव्यात काय असतं, ते त्या खोलीतल्या तिघांना माहीत होतं, आणि त्यात कुंदाही होती.

"मॅडम, माझं किती ग्रॅम भरेल?" तिने विचारलं.

बाईंनी तिच्या पायांवर चादर घातली. खोटं सांगावं असं त्यांच्या फार मनात आलं, पण या बाईला आकडे पाठ होते.

कुंदाने सवयीने मनगटावरचा पट्टा सोडला आणि पुढे धरला. "कुणीतरी घाला," ती म्हणाली. "गार पडेल."

कुणीच हात पुढे केला नाही.