बोट दे

आमच्या घरात चहा दोन प्रकारे वाया जायचा. एक, बाबा कपावर फुंकर मारत बसायचे आणि तो थंड व्हायचा. दोन, माझी बहीण मोना तो कपड्यांना पाजायची.

मोबाइलवर पाहून पाहून ती शिबोरी शिकली होती. कापड बांधून रंगवायची ही जपानी रीत. कापड चिमटीत उचलायचं, दोऱ्याने करकचून आवळायचं आणि रंगात बुडवायचं. दोऱ्याखाली रंग पोचत नाही, सोडल्यावर तिथे पांढरं कडं उरतं. रंग म्हणून चहा. आमच्या रांझीच्या बस स्टॉपवरच्या टपरीतून ती रोज डबाभर चोथा आणायची. टपरीवाल्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "भैया, घर में सब ठीक है न?" मी म्हटलं, बाकी ठीक है, बस दीदी मानती नहीं. दुसऱ्या दिवसापासून चोथ्यासोबत दोन टोस्ट येऊ लागले.

माझं काम एकच, बोट द्यायचं. बी.कॉम. करून मिळालेली ही माझी पहिली नोकरी. दोऱ्याचा फास बसला की तो सैल पडू नये म्हणून मी त्यावर तर्जनी दाबून धरायचो. ती वरून गाठ मारायची, आवळायच्या आधी क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "काढ." उशीर केला की बोट आत अडकायचं.

"राहू दे बे आता आतच," ती म्हणायची. "तू पण रंगून निघशील."

मागच्या नोव्हेंबरात तिने आईची साडी घेतली. आई पौर्णिमेला विहारात नेसायची ती पांढरी, धुऊन धुऊन पिवळी पडलेली. तीन संध्याकाळ मोना गाठी बांधत होती. शेवटची एकच राहिली होती, पदराच्या मधोमध.

"सुगत, बोट दे."

"पाच मिनिट."

मी एक माणूस एकेचाळीस समोसे खातो तो व्हिडिओ पाहून राहिलो होतो. तो तेव्हा सव्विसाव्यावर होता. मोनाने वाट पाहिली. मग म्हणाली, "चलो, उद्या बांधू." तिने पदराला दोऱ्याचे तीन सैल वेढे दिले, शेंडा तसाच लोंबता ठेवला आणि सगळं गाठोडं चहाच्या टबात सोडलं.

सकाळी ती पनागरच्या शाळेत शिकवायला निघाली. रस्त्यात ट्रकने तिची स्कूटी उडवली.

त्या माणसाने सगळे समोसे खाल्ले की नाही, मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी आईने टब पाहिला. गाठोडं काढून मागच्या अंगणात खिळ्याला टांगलं. कोणीच ते सोडलं नाही. सोडलं असतं तर साडी मिळाली असती, पण मोनाच्या हाताच्या गाठी गेल्या असत्या. तिच्या हातच्या, न सुटलेल्या गाठी घरात एवढ्याच उरल्या होत्या.

गाठोडं वाळलं नाही. थंडीत मी लक्ष दिलं नाही. पण मे महिन्यात आमच्याकडे पापड तासाभरात वाळतो, आणि गाठोड्याखाली फरशीवर चहाच्या रंगाचा थेंब असायचा. आधी मी भिंतीच्या ओलीवर संशय घेतला, मग शेजाऱ्यांच्या कूलरवर. शेवटी गाठोडं गच्चीवर नेलं. तिथे आठ दिवस ते भर उन्हात होतं, आणि आठही दिवस ओलं. हाताला गरम लागायचं. उन्हात काहीही गरम लागतं, म्हणून मी एकदा पहाटे सहाला जाऊन हात लावून पाहिला.

नुकत्याच भरलेल्या कपासारखं होतं.

मी ते परत खिळ्याला टांगलं आणि कोणाला काही बोललो नाही. चहा सहा महिने गरम राहतो, हे सांगायला आमच्या घरात तो दिवस बरा नव्हता. तसा दिवस आलाही नाही.

वर्ष होत आलं. मोनाच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे वर्षाच्या विधीचा, रविवार ठरला.

"भंतेजी येतील त्या दिवशी मी तेच साडी नेसणार," आई म्हणाली. "शनिवारी सोडून टाकू."

"आई, ती ओली आहे."

"साल झालं. काहून ओली राहील?"

ती अंगणात गेली, गाठोड्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. अंगावरच्या पदराला पुसला. मग बोटं नाकाशी नेऊन बराच वेळ तशीच उभी राहिली.

"राहू दे ना थोडे दिवस," बाबा आतून म्हणाले.

"तुमचे थोडे दिवस मले माहीत आहेत. बैठकीचा बल्ब तीन वर्षांपासून थोडे दिवस आहे."

शुक्रवारी दुपारी मी ठरवलं, सोडायच्या आधी तिची राहिलेली गाठ पुरी करायची. वर्षभरात माझ्या डोक्यात आलेली ही एकच शहाणी गोष्ट. फॅक्टरीचा भोंगा नुकताच झाला होता. आई आत मेथी निवडत होती, बाबांचा टीव्ही चालू होता. मी पायरीवर बसलो, गाठोडं मांडीवर घेतलं. पदराचे तीन सैल वेढे सापडले. शेंडा लोंबत होता. मी त्यावर तर्जनी दाबली.

तेव्हा योजनेतली चूक लक्षात आली. बोट माझं होतं. बांधणार कोण, हे मी ठरवलंच नव्हतं.

दोरा हलला.

वारा असेल म्हणून मी कडुनिंबाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

शेंडा उचलला गेला आणि माझ्या बोटावरून गेला. उलट्या बाजूने. मोना डावखुरी होती.

दोऱ्याचं टोक ओलं होतं. ती टोक दातात धरून ओढायची.

वेढा बसला. मग सगळं थांबलं, ती थांबायची तिथेच. एवढा क्षण ती मला बोट काढायला द्यायची.

मी बोट काढलं नाही.

"पाच मिनिट," मी म्हटलं.

गाठ आवळली.

आई आली तेव्हा बोट निळं पडलं होतं. तिने कात्रीने दोरा कापला, गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन मेथी फोडणीला टाकली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून बाकीच्या गाठी सोडल्या. गाठोडं कोरडं ठक्क होतं. साडीभर पांढरी कडी उमटली होती, एकसारखी. फक्त पदराच्या मधोमध कडं नव्हतं. तिथे सपाट चहाचा रंग होता.

रविवारी आई ती साडी नेसून बसली. बायका हात लावून लावून पाहत होत्या.

राहिलेलं कडं माझ्या तर्जनीवर आहे. पांढरं. साबणाने जात नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार घासतही नाही. बाकीचा हात चहासारखा काळवंडत चालला आहे. आई म्हणते, ऊन लागलं. मी उन्हात जात नाही. मागच्या आठवड्यात रंग मनगटापर्यंत होता, आज कोपराच्या वर गेला.

हात मी दिवसातून दहादा पुसतो. तो ओलाच राहतो, आणि गरम.