तीस पैकी तीस

"साहेब, मले हरवल्याचा दाखला नको. मार्कशीटच पाहिजे. अन् उद्याच पाहिजे."

कळंब ठाण्यात टेबलासमोर उभी राहून ती मुलगी हे बोलली, तेव्हा हवालदार धर्मपाल ढोके यांचा दाखला अर्धा लिहून झाला होता. जून महिन्यात ठाण्यात येणारं प्रत्येक पोर हाच दाखला मागतं, म्हणून त्यांनी न विचारताच सुरुवात केली होती. त्यांनी पेन खाली ठेवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

मुलीचं नाव सोनू आडे. जवळच्या तांड्यावरची, यंदा बारावी सायन्स पास. सोबत तिचा बाप देवसिंग होता. तो एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत उभा होता.

"उद्या काय आहे?"

"यवतमाळले मेडिकलची कमिटी बसते. खासगी कॉलेज आहे, गावाकडच्या पोरांसाठी थोड्या जागा ठेवल्यात. यादीत शेवटचं नाव माहं आहे. उद्या ओरिजिनल मार्कशीट दाखवली नाई, तर जागा पुढच्याले जाते."

"अन् मार्कशीट कुठं हरवली?"

"हरवली नाई, जमादार साहेब," देवसिंग म्हणाला. "काल कोणं तरी काढून नेली. कापसातून."

ढोके त्याच्याकडे बघतच राहिले. "कापसात मार्कशीट कायले ठेवली होती?"

"चोर आला तर पेटी उचलते. खोलीभर कापूस कोण उपसते?"

यात चुकीचं काही नव्हतं. दोन हजार सहा साल होतं. भाव पडला म्हणून लोकांनी कापूस विकला नव्हता, आणि जून अर्धा सरला तरी तो घराघरांत छतापर्यंत रचलेला होता. माणसं उरलेल्या जागेत झोपत होती. अशा घरात किमती चीज ठेवायची तर गंजीच्या पोटात, ही तांड्यावरची रीतच होऊन बसली होती.

ढोक्यांनी मोटारसायकल काढली.

देवसिंगच्या बाहेरच्या खोलीत शिरताच नाकात कुबट वास गेला. सोनूची आई रुपीबाई दाराशी बसून मान खाजवत होती. कापूस जुना झाला की त्यात बारीक किडे होतात आणि अंगाला लागतात. घरातली माणसं महिनाभरापासून हैराण होती.

"बाकीचे कागद कुठं आहेत?" ढोक्यांनी विचारलं.

"पिशवी होती तशीच आत सापडली, त्यातच आहेत. परत तिथंच ठेवली," देवसिंग म्हणाला.

"चोरी झाली तिथंच?"

देवसिंग खाली बघू लागला. ढोक्यांनी उजवी बाही वर सारली आणि त्याने दाखवलेल्या जागी हात घातला. खांद्यापर्यंत हात आत गेला तेव्हा कुठे बोटांना प्लास्टिकची पिशवी लागली. ती त्यांनी बाहेर काढली. आत शाळा सोडल्याचा दाखला होता, जातीचा दाखला होता, रहिवासी दाखला होता. सगळं नीट घडी घालून. फक्त मार्कशीट नव्हती.

"पिशवी कापसात आहे हे कोणाले माहीत होतं?"

"कोणालेच नाई," देवसिंग ठामपणे म्हणाला.

"बा, तुम्हीच तर परवा काढून दाखवली," सोनू म्हणाली. "यादीत नाव लागलं म्हणून पेढे वाटले तेव्हा. लालसिंग सर होते, रोशन होता."

लालसिंग जाधव म्हणजे याच तांड्याचे पहिले पदवीधर. आता कळंबला राहत आणि तिथल्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. सोनूला सायन्सला घाला म्हणून देवसिंगच्या दारात त्यांनीच ठाण मांडलं होतं. रोशन खोब्रागडे कळंबचा, दहावीपर्यंत सोनूच्या वर्गातला. बारावी यवतमाळला केलेला. त्याचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं होतं. सोनूची जागा गेली तर ती थेट त्याच्या पदरात पडणार होती.

"काल घरात कोण होतं?"

"कोणीच नाई. आम्ही सारे वावरात कापसाची वाळकी पऱ्हाटी उपटून राह्यलो होतो. दाराले नुसती कडी होती."

शेजारची मानीबाई दिवसभर ओट्यावर बसलेली असते. ढोक्यांनी तिला गाठलं.

"काल तांड्यात कोणी परका माणूस आलता का, मावशी?"

"परका? नाई बाप्पा. परकं कुत्रं आलं तरी मले कळते."

ढोके तिथून रोशनकडे गेले. पोरगा बनियनवर सायकलचं पंक्चर काढत होता. पोलीस दिसताच त्याचा चेहरा उतरला.

"मार्कशीट गेली हे तुले कोणं सांगितलं?"

"सारं कळंब बोलून राह्यलं, साहेब. अन् सारे माह्याकडंच पाहून राह्यले."

"तुले जागा मिळते ना पण."

"मिळते," रोशन म्हणाला. त्याने हात पुसले आणि दोन्ही हात समोर धरले, जणू बेड्याच मागत होता. "मले ती जागा पाहिजे, खोटं नाई बोलत. पण अशी मिळाली तर जन्मभर लोक काय म्हणतील? डॉक्टर होऊन चोर म्हणवून घेऊ काय?"

ढोक्यांनी त्याचे हात पाहिले. वंगणाने काळे झालेले, बाकी स्वच्छ. मग ते निघाले.

ठाण्यात येऊन त्यांनी यवतमाळच्या कॉलेजच्या प्रवेश समितीच्या प्रमुखांना, डॉ. कुमुद देवतळे यांना फोन लावला. झेरॉक्सवर भागणार नाही, हे बाईंनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

"मग एक सांगा मॅडम, मार्कशीटमध्ये तुम्ही पाहता तरी काय? टक्केच ना?"

"टक्के सगळ्यात शेवटी," डॉ. देवतळे म्हणाल्या. "आधी लेखीचे मार्क बघतो, मग प्रॅक्टिकलचे. दोन्ही एकमेकांना धरून आहेत का ते तपासतो. हल्ली कित्येक कॉलेजांतून अख्ख्या वर्गाला तीस पैकी तीस येतात. म्हणून यंदा प्रत्येक उमेदवाराला आमच्या प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग करायला लावणार आहोत. कॉलेजांना तसं कळवलंय."

ढोक्यांनी आभार मानून फोन ठेवला. मग ते लालसिंग सरांना भेटायला गेले. रविवार होता, पण सर कॉलेजातच सापडले, प्रयोगशाळेचं दार उघडं टाकून एकटे बसलेले. ऊन असं की माणसं उघडी बसत होती. सरांनी मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि मनगटापर्यंत गुंड्या लावल्या होत्या.

"फार वाईट झालं, जमादार," सर म्हणाले. "गुणी पोरगी आहे. पण बोर्डाकडून दुसरी प्रत मिळते. यंदा नाई तर पुढच्या वर्षी. एक साल काही फार नसते."

"तुम्ही तांड्यावर कधी गेलते?"

"परवा. पेढे खायले. त्याच्यानंतर नाई."

बोलता बोलता त्यांचा डावा हात उजव्या दंडावर घासत होता. ढोक्यांनी खोलीभर नजर फिरवली. टेबलांवर धुळीचा थर होता. कोपऱ्यात लाकडी खोकी होती, त्यांच्या फटींतून पेंढा डोकावत होता, पट्ट्यांवरचे खिळे गंजलेले होते.

"यात काय आहे, सर?"

"काचसामान," सर म्हणाले आणि उठून उभे राहिले.

ठाण्यात परतल्यावर ढोके चहा प्यायला बसले आणि त्यांचा उजवा हात पेटला. बाही वर केली तर कोपरापासून खांद्यापर्यंत बारीक लाल पुरळ उठलं होतं. ते खाजवता खाजवता एकदम थांबले. चहा तसाच टाकून त्यांनी देवसिंगला आणि सोनूला निरोप धाडला, लगेच कॉलेजात या.

प्रयोगशाळेत सगळे जमले तेव्हा उन्हं कलली होती. सर खुर्चीत होते. देवसिंगला आपल्याला इथे का बोलावलं ते कळत नव्हतं. ढोक्यांनी स्वतःची बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"हे मले आज झालं, देवसिंग भाऊ. तुमच्या गंजीत हात घातला म्हणून. तुम्ही घरचे लोक कापसाजवळ झोपता, म्हणून तुमची पाठ खाजते, पाय खाजतात. पण ज्यानं नुसता हात खुपसला, त्याचा एकच हात खाजते. सर, उजवी बाही वर करा."

सर हलले नाहीत.

"सर?" सोनू म्हणाली.

"मी सकाळपासून एका गोष्टीवर अडलो होतो," ढोके बोलत राहिले. "रोशनले जागा पाहिजे होती. पण त्यानं चोरी केली असती तर घाईत अख्खी पिशवी नेली असती. या चोरानं पिशवी काढली, एक कागद घेतला, बाकीचे घडी घालून पुन्हा तितकेच आत ठेवले. काहून? जातीचा दाखला काढायले तांड्यावरच्या माणसाले किती खेटे घालावे लागतात, ते त्याले ठाऊक होतं. पोरीचं एक साल जावं, पण जिंदगी बरबाद होऊ नये, असा तो चोर होता. दुश्मन असं करत नाई. मग मानीबाई म्हणे, परका कोणी आलाच नाई. ती खरंच बोलली. सर तांड्याले परके कधी होते?"

देवसिंग सरांकडे बघत होता. त्याचं खाजवणं थांबलं होतं.

"पण कायले, साहेब? सर असं कायले करतील?"

ढोके कोपऱ्यात गेले आणि खोक्यावर थाप मारली. धूळ उडाली. "यातलं सामान आलं तसंच खिळे ठोकलेलं आहे. इथं प्रॅक्टिकल कधी झालंच नाई. मार्क मात्र तीस पैकी तीस, सोनूची झेरॉक्स पाह्यली मी. उद्या कमिटीनं सोनूच्या हाती पिपेट दिलं, तर तिले ते धरता येणार नाई. अन् मग विचारतील, हे तीस मार्क कोणं दिले?"

मग सरांनी गुंडी सोडली आणि बाही वर केली. पुरळ खाजवून खाजवून रक्ताळलं होतं.

"सामान फुटलं तर भरून कोण देईल, म्हणून संस्थेनं खोकी उघडू दिली नाई," ते म्हणाले. "मीही जोर केला नाई. मार्क तर मिळूनच राह्यले होते. पण मी नुसता माह्यासाठी भ्यालो नाई, सोनू. हे उघडं पडलं तर बोर्ड साऱ्या वर्गाचा निकाल अडवते. तुहाही. मले वाटलं, एक साल जाऊ दे, तोवर तुले शिकवून घेऊ."

"मले विचारलं काहून नाई?"

सरांनी कपाटातून एक पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. आत मार्कशीट होती, कोपराही न दुमडलेली.

"फाडणार होतो," ते म्हणाले. "आपल्या तांड्यावर अशी मार्कशीट कोणाचीच नाई. हात नाई झाला."

देवसिंग पुढे सरसावला. तो सरांना मारणार की काय म्हणून ढोके मध्ये आले. पण सोनूने बापाचा हात धरला. ती रडत होती आणि तिचा आवाज रागाने फाटला होता.

"तुम्ही माह्यावर भरोसा नाई केला, सर. लेखीत इतके मार्क काढले, अन् एक नळी धरणं मले शिकता आलं नसतं? आता शिकवा. आत्ता. उद्या मी जाणार आहे."

सरांनी ढोक्यांकडे पाहिलं. ढोक्यांना त्यांना लगेच ठाण्यात न्यायचं होतं. चोरी ती चोरीच. पण त्यांनी आधी कोपऱ्यातली पहार उचलली आणि खोक्याचे खिळे उपटायला घेतले.

पेंढ्यातून ब्युरेट निघालं, पिपेट निघालं. सर शिकवू लागले. अंधार पडेपर्यंत सोनूचं द्रावण दर वेळी गडद गुलाबी होत राहिलं. शेवटी थेंब थेंब सोडायचं, सर पुन्हा पुन्हा सांगत होते. नुसती छटा आली की थांबायचं.

दुसऱ्या दिवशी ढोके सरांना घेऊनच यवतमाळला गेले. आधी पोरीचं काम, मग ठाण्यातला जबाब, असं त्यांनी ठरवलं होतं. देवसिंग सरांशी बोलत नव्हता. तिघं कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहिले आणि सोनू एकटी आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा दुपार टळली होती.

"मॅडमनं विचारलं, हे कधी शिकली?" ती म्हणाली. "मी म्हटलं, काल. त्या म्हणे, मार्क तर फेब्रुवारीतले आहेत. मग मी सारं सांगितलं. त्यांनी प्रॅक्टिकलच्या मार्कांवर रेघ मारली अन् नुसत्या लेखीवर हिशोब केला. जागा राहिली. पण बोर्डानं निकाल फिरवला तर तीही जाईल म्हणे. बोर्डाले कळवणं त्यांले भागच आहे."

"माहं नाव घेतलं?" सरांनी विचारलं.

"घेतलं."

सरांनी मान डोलावली. नोकरी जाणार होती, तांडा तोंड पाहणार नव्हता, आणि हे सगळं त्यांना तिथेच कळलं.

"प्रयोग कसा झाला?" त्यांनी विचारलं. "रंग कसा आला?"

सोनूला उत्तर द्यायचं नव्हतं. तिने बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"छटाच आली, सर," ती म्हणाली. "मी वेळेवर थांबली."

"बरं झालं," लालसिंग सर म्हणाले, आणि ढोक्यांच्या मागे मोटारसायकलवर बसले.