सावधरेषा

सामना सुरू होऊन अडीच तास झाले होते. समोरच्या संघाचे सात खेळाडू हेल्मेटवरचा दिवा लागला म्हणून बाहेर जाऊन बसले होते. भार्गव टिल्लूंच्या संघाचा मात्र एकही दिवा लागला नव्हता. हंगामातला हा नववा सामना, आणि नवांत मिळून शून्य दिवे.

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू लंबगोल असतो, आणि पायापेक्षा खांदा नि डोकंच जास्त वापरलं जातं. शंभर-सव्वाशे किलोची पोरं एकमेकांवर धडाधड आदळतात. पूर्वी त्यातली कितीतरी चाळिशीतच विसराळू होत, चालता चालता तोल जाऊन पडत. मग हेल्मेटमध्ये केसांहून बारीक तारांचं जाळं आलं. शरीराला मोठी इजा झाली, की वेदना जाणवण्याच्या क्षणभर आधी मेंदू स्वतःलाच एक इशारा देतो: थांब, काहीतरी बिघडलंय. हा इशारा पडद्यावर उंच उठणाऱ्या रेघेसारखा दिसतो. तिचं नाव सावधरेषा. रेषा उठली की दिवा लागतो, दिवा लागला की खेळाडू बाहेर. इतका साधा नियम.

"हेल्मेटं बिघडवलीत यांनी," समोरचा प्रशिक्षक सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

चौकशीचं काम विद्यापीठाने डॉ. सुनेत्रा महाशब्दे यांच्याकडे दिलं. मेंदूचा अभ्यास हा त्यांचा विषय. गावात मराठी घरं मोजून पाच, त्यामुळे टिल्लूंच्या गणपतीला मोदक वळायला दरवर्षी त्याच.

"ये गं," टिल्लूंनी खुर्ची पुढे केली. "चोर पकडायला आलीस?"

"पकडायचाच आहे, काका. नाही सापडला तर लोक म्हणतील, मोदकांना जागली."

टिल्लू मोठ्याने हसले. सहा फुटांचा धिप्पाड माणूस, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कर्णा लागू नये. तो आवाज वडिलांचा. वडील वाईला कीर्तन करायचे, आणि लहानपणी भार्गव त्यांच्यामागे झांज घेऊन उभा असे. तेविसाव्या वर्षी तो अमेरिकेला आला, खेळाचे आकडे मांडता मांडता या खेळातच रमला, आणि गेली एकतीस वर्षं मुख्य प्रशिक्षक होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. चार-चार वर्षांनी येणाऱ्या-जाणाऱ्या या पोरांवरच त्यांनी जीव लावला.

मध्यंतरात इतर प्रशिक्षक फळ्यावर डावपेच काढायचे. टिल्लू कीर्तन करायचे. म्हणजे भाषा इंग्रजीच, पण बांधणी तीच. आधी एक नेमका विचार, मग त्यावर रंगवून सांगितलेलं आख्यान, मध्येच सगळ्यांना पोट धरून हसवणं, आणि शेवटी हात वर. तो वर गेला की सगळी पोरं शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून एकच सूर लावायची. गजरच तो. त्यानंतर मैदानावर जायची ती भिंतीसारखी.

तीन आठवड्यांनी सुनेत्राताई पुन्हा आल्या, त्या मात्र हसत नव्हत्या.

"हेल्मेटं ठीक आहेत, काका. पोरांच्या रेषाच उठत नाहीत."

"म्हणजे लागतच नाही त्यांना?"

"लागतं. कळत नाही. बुवांनी हात वर केला की सभामंडपातल्या सगळ्यांचा श्वास एका लयीत येतो, तुम्ही पाहिलंय ना? त्या क्षणी मेंदू पहारा सोडतो. आपलं कुणीतरी जागं आहे, आता मी झोपलो तरी चालेल, असं त्याला वाटतं. आईच्या कुशीत लेकरू झोपतं ना, अगदी तसं. एखाद्या संध्याकाळी झालं तर माणूस घरी जाईपर्यंत तो पहारेकरी पुन्हा उठतो. तुम्ही त्याला चार-चार वर्षं, रोज, सरावाआधीसुद्धा झोपवलंत."

"कॉलेज संपल्यावर उठत असेल की."

सुनेत्राताईंनी तपासणीचे कागद पुढे सरकवले. त्यांनी चाळीस जुन्या खेळाडूंना तपासलं होतं. ड्वेन हॉलिस, आता शाळेत कसरत शिकवणारा, घोट्याचं हाड मोडलेलं असताना चार दिवस मुलांबरोबर पळत होता. सुजेमुळे बूट निघेना तेव्हा कळलं; ते हाड अजूनही पुरतं जुळलं नव्हतं.

"आणि आपल्या संघातला चेस्टर गेला तो?" टिल्लूंनी हळूच विचारलं.

"आतडं फुटलं होतं. दोन दिवस तो अंगणातलं गवत कापत होता, काका."

टिल्लू उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "मी सांगतो त्यांना. माझं ऐकतात ती."

त्यांनी दोन दिवस खपून भाषण बांधलं. अंगाकडे लक्ष द्या, रोज स्वतःला तपासून बघा, चेस्टरचं काय झालं ते ऐका. आयुष्यातलं सर्वांत चांगलं आख्यान त्यांनी त्यात घातलं. सुनेत्राताईंनी ड्वेनला तपासणीची टोपी घालून ते टिल्लूंच्याच आवाजात ऐकवलं. ड्वेनचे डोळे पाणावले, आणि उठण्याऐवजी रेषा आणखीच सपाट झाली.

"शब्द त्याच्यापर्यंत पोचतात, काका. पण त्याचा मेंदू शब्दांवर नाही, आवाजावर विसावतो."

"मग पत्र लिहितो."

"तेही करून पाहिलं. तुमचं जुनं पत्र दिलं त्याला. वाचताना त्याने ते मनात तुमच्याच आवाजात वाचलं."

"अगं, चाळिसांत कुणाचीच उठली नाही?"

"एकाची उठली. रुडी मॅकेन."

"रुडी!" टिल्लूंना हसू आलं. "सरावाला उशिरा आला म्हणून संघातून काढलं होतं मी त्याला, भर पावसात. अजून माझं तोंड बघत नाही."

"म्हणूनच," सुनेत्राताई म्हणाल्या. "तुमच्यावरचा विश्वासच उडालाय त्याचा; तुमचं नाव काढलं की त्याची रेषा ताडकन उठते."

टिल्लूंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

त्यांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. निरोपाला पाचशेवर जुने खेळाडू आले. सगळ्यांना एकत्र भेटायचं नाही, एकेकालाच खोलीत पाठवा, असं टिल्लूंनी कळवलं. प्रत्येकाला तपासणीची पातळ टोपी घालायची होती. आतल्या पडद्याआड सुनेत्राताई रेषेवर नजर ठेवून होत्या.

पहिला ड्वेन. आल्या आल्या त्याने मिठी मारली.

"बस," टिल्लू म्हणाले. "तुझी आई गेली तेव्हा मी आलो होतो, आठवतं?"

"तुम्ही तीन दिवस राहिलात, कोच. आमची भांडी घासलीत."

"बाहेर वर्तमानपत्रवाले होते. माझा करार नव्याने व्हायचा होता त्या वर्षी. फोटो हवा होता मला."

ड्वेन खो खो हसला. "काय पण, कोच!"

"हसू नकोस. तुझ्या आईचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. दारावरची पाटी वाचून आत आलो."

ड्वेनचं हसू अर्ध्यावर थांबलं. तो टिल्लूंच्या डोळ्यांत काहीतरी शोधत राहिला. टिल्लूंनी घड्याळात पाहिलं आणि जांभई दिली.

तो उठायला गेला आणि खुर्चीचा हात धरून वाकला.

"पाय..." सवयीने त्याने टिल्लूंकडेच पाहिलं. "कोच, पाय दुखतोय. खूप दुखतोय."

टिल्लूंचा हात त्याच्या खांद्याकडे निघाला होता. त्यांनी तो टेबलाखाली नेला आणि मूठ आवळली.

"मग डॉक्टरकडे जा. मला काय सांगतोस?"

ड्वेन लंगडत बाहेर गेला. जाताना त्याने दार लावलं नाही.

पडद्याआडून सुनेत्राताई आल्या. "उठली, काका," त्या रडत म्हणाल्या. "चांगली हातभर उठली."

बाहेर बाकांवर बसलेली माणसं एकमेकांना टपल्या मारत मोठमोठ्याने हसत होती. टिल्लूंनी चष्मा पुसला.

"पुढचा कोण?"

"आरन. त्याच्या मुलीचं नाव तुम्ही ठेवलंत."

"पाठव."

आरनला काय बोललं म्हणजे वर्मी लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाहेर बसलेल्या प्रत्येकाचंच वर्म ठाऊक होतं.