रक्ताला केलेली खूण

शाळेचा डबा भरून झाला की शलाका लेकीच्या, रुंजीच्या पोटाला पट्टा बांधायची. लातूरच्या त्या घरात हे काम आता वेणी घालण्याइतकंच अंगवळणी पडलं होतं. ओटीपोटाच्या उजव्या बाजूला रुंजीच्या आत्याने दिलेलं मूत्रपिंड बसवलेलं होतं. पट्टा नेमका त्यावर यायला हवा.

"हलू नकोस."

"मी नाही हलत. तुझेच हात हलतायत," रुंजी म्हणाली.

पूर्वी आतल्या रक्तवाहिन्या बघायच्या तर शिरेतून रंगद्रव्य सोडावं लागे, आणि जे मूत्रपिंड जपायचं त्यालाच ते बाधण्याची भीती असे. म्हणून डॉक्टर क्वचितच बघत. या चुंबकपट्ट्याला रंग लागत नव्हता. मूत्रपिंडाकडे निघालेल्या रक्तालाच तो चुंबकाने खूण करायचा आणि ते कुठवर पोचलं ते जोडलेल्या पडद्यावर दाखवायचा. क्षणात रक्त ती खूण विसरूनही जाई. अपाय काहीच नाही, त्यामुळे रोज बघता येई. शलाका रोज बघायची. अलीकडे संध्याकाळीही.

पडद्यावर मुख्य धमनी ठसठशीत दिसली, पण कडेच्या बारीक फांद्या आजही फिक्याच. पंधरवडाभर हेच चाललं होतं. रक्ताचे अहवाल ठीक होते. तरी शरीर परका अवयव नाकारू लागलं असेल तर वेळ दवडून चालणार नाही, म्हणून डॉ. तांबोळींनी सुईने तुकडा काढून तपासायचं ठरवलं होतं. उद्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

संध्याकाळी रुंजीची आत्या, स्नेहलताई आली. शलाकाचे हात थालीपिठाच्या पिठात बरबटलेले, तेव्हा पट्टा तिनेच बांधला. "आधी गप पड, मग काय हसायचं ते हस," असं काहीबाही स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"शलाका, इथं तर सगळं भरगच्च लाल आहे गं," ताईने हाक मारली. "माझा माल आहे. नासका निघेल कसा?"

शलाका तशाच हातांनी धावली. खरंच, फांद्या पार टोकापर्यंत भरलेल्या. तिचा विश्वास बसेना. तिने कोपराने पट्टा पुन्हा चालू केला आणि ओठ मिटून पडद्याकडे बघत राहिली. रुंजी आईच्या तोंडाकडे बघत होती. फांद्या फिकुटल्या.

"आईचीच दृष्ट आधी लागते म्हणतात," ताई हसत म्हणाली, आणि शलाकाचा चेहरा पाहून पट्टा सोडू लागली.

ताईने हे कानावर घातलं तेव्हा डॉ. तांबोळींना मात्र ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं नाही. भरतीच्या सकाळी त्यांनी शलाकाला बाहेर बसवून एक चित्र घेतलं, मग आत बोलावून दुसरं. पहिल्यात फांद्या भरलेल्या होत्या, दुसऱ्यात फिक्या.

"प्रत्यारोपणात मूत्रपिंडाचे मज्जातंतू तुटतात," ते म्हणाले. "कालांतराने ते पुन्हा रुजू लागतात. हिचे चांगलेच रुजलेत. पोर धास्तावलं की तिथल्या वाहिन्या आकसतात. म्हणजे शरीराने ते आपलं मानलंय. सुई नको."

"म्हणजे माझ्यामुळे."

"ती पडदा बघतच नाही, मॅडम. तुम्हाला बघते. आठवड्यातून एकदा पुरे, आणि पट्टा दुसऱ्या कुणीतरी बांधू दे."

"आणि मधल्या दिवसांत खरंच काही झालं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तो धोका आहे. नाही कसं म्हणू?"

पट्टा ताई स्वतःकडे घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी डबा भरून झाल्यावर शलाकाच्या हातांना काम उरलं नाही. रुंजी सवयीने सदरा वर धरून समोर उभी.

"आज नाही बघायचं?"

"नाही."

"मग मी बरी आहे का?"

इतके दिवस याचं उत्तर पडद्यावर वाचून सांगायचं, एवढंच शलाकाकडे होतं. तिने लेकीचा सदरा खाली ओढून नीट केला.

"तूच सांग की. कसं वाटतंय तुला?"

रुंजीने पोटाच्या उजव्या बाजूवर तळहात ठेवून बघितला.

"ते कसं कळतं, आई?"