शून्य ओढ

देशी दारूत बुडवलेला कापूस समरजितच्या नाकाशी धरला, तरी त्याच्या डोक्यावरच्या टोपीला जोडलेल्या ओढमापकाचा काटा जागचा हलला नाही. डॉ. नासिर इनामदारांनी कापूस आणखी जवळ नेला. समरजितने नाक मुरडलं आणि म्हणाला, "सर, बास की आता. घाण वास येतोय."

मिरजेच्या आंत्रजीव संशोधन केंद्रात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. काचेपलीकडे डॉ. सुचेता भोकरे उभी होती. समरची ती थोरली बहीण, म्हणून चाचणीच्या खोलीत जायला तिला बंदी. केंद्रातली शास्त्रज्ञ, म्हणून काटा वाचायची मुभा. तिने काटा वाचला आणि चष्मा काढून डोळे पुसले. तिला रडू आलं होतं आणि ते लपवावं असं तिला वाटलं नाही.

याआधी समरवर करून पाहायचं काही उरलंच नव्हतं. जीवनसत्त्वांची इंजेक्शनं झाली, नाचणीची आंबील झाली, गव्हांकुरांचा रस, अश्वगंधा, कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं कारल्याचं पथ्य, सगळं झालं. या आहारोपचारांचा गुण यायचाही. गालांवर मांस चढायचं, हातांची थरथर थांबायची आणि त्या नव्या ताकदीनिशी गडी पुन्हा गुत्त्याची वाट धरायचा. शेवटच्या खेपेला यकृताच्या डॉक्टरांनी सुचेताला बाजूला घेऊन सांगितलं, की आता पुन्हा प्याला तर इथे आणायची तसदी घेऊ नका.

तेव्हा इनामदारांनी आंत्ररोपणाचा विषय काढला, आणि पहिला विरोध सुचेतानेच केला.

"दारू मेंदूला हवी असते, सर. आतड्यांचा काय संबंध?"

"मेंदूला काय हवं, ते त्याला सांगतं कोण?" इनामदार म्हणाले. "आपल्या आतड्यांत जीवाणूंची अख्खी वसाहत आहे. ज्याला त्याचं खाणं मिळतं, तो माजतो. रोज दारू गेली की दारूवर पोसणारे वाढतात, बाकीचे मरतात. वाढलेले मग एक रेणू तयार करतात. मी त्याला ओढरेणू म्हणतो. तो मज्जातंतूंमार्फत वर कळवतो, की आमचं खाणं पाठवा. पाठवलं की बक्षीस, नाही पाठवलं की हातपाय कापायला लागतात. आहाराने ही वसाहत दबते, मोडत नाही. ती उठवायची आणि ज्याला कसलीच ओढ नाही अशा माणसाची वसाहत तिथे वसवायची."

"असा माणूस मिळणार कुठे?"

तो रक्ताच्या नात्यातला लागणार होता. सुचेतासमोर चहाचा कप येताच काटा असा उडाला, की इनामदारांनी हसत तिला खुर्चीतून उठवलं. चुलत्यांच्या गालात तंबाखू होती. राहता राहिली आई.

शालनताई तासगावहून आल्या, टोपी डोक्यावर घालून मुकाट बसल्या. त्यांच्यासमोर चहा ठेवला, गुळाचा खडा ठेवला, गरम कांदाभजी ठेवली. काटा शून्यावर. तुपात न्हालेली पुरणपोळी ठेवली, तरी शून्यावर. ही चाचणी उपाशीपोटी करायची असते, पण त्यांना ते वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांचा त्या दिवशी उपासच होता.

तसा तो बहुतेक दिवशी असायचा. समर प्यायला लागला तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी नवस बोलून सोमवार धरला. दारू सुटेना, म्हणून गुरुवार आला, मग शनिवार, मग चतुर्थी, एकादशी, प्रदोष. पोराची दारू वाढत गेली आणि आईचे उपास वाढत गेले. मधल्या एखाद्या दिवशी चार घास भात खाऊन त्या शेत, घर, गुरं सगळं बघायच्या. शालनताईंनी जीभ जिंकली, असं लोक म्हणत आणि सुचेतालाही ते खरं वाटे. इनामदार तर काट्याकडे बघून थक्क झाले होते. त्यांनी त्याच आठवड्यात रोपण केलं.

आणि आता दारूचा कापूस नाकाशी असताना समर नाक मुरडत होता. केंद्रात पेढे वाटले गेले. समरने आपला पेढा घेतला आणि न खाता खिडकीत ठेवून दिला. सुचेताने ते पाहिलं. नुकताच बरा होतोय, तोंडाला चव नसेल, असं ती समजली.

त्यानंतर त्याचं ताट परत येऊ लागलं. आधी भाकरी उरायची, मग भात, मग सगळंच. यकृतामुळे भूक मेली असेल म्हणून औषधं दिली, पण वजन उतरत राहिलं. गंमत अशी, की माणूस खंगत असूनही खुशीत होता. चेहरा तुकतुकीत, बोलणं उत्साहाचं. भेटायला येणारे म्हणायचे, काय तेज आलंय पोराच्या तोंडावर!

एका दुपारी सुचेताने त्याची चादर बदलायला घेतली, तर गादीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या भाकऱ्या निघाल्या. समर दारात उभा राहून बघत होता. ती नजर तिच्या चांगल्या ओळखीची होती. गादीखाली बाटली सापडली की तो असाच बघायचा.

"आक्का, तू माझ्यावर पाळत ठेवतेस?" तो ओरडला. "दारू सोडली की मी. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

इनामदारांनी पुन्हा त्याच्या डोक्यावर टोपी चढवली. समोर आमटी-भात आला. शून्य. शिरा आला. शून्य. मग त्यांनी सगळं उचलायला लावलं आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "समर, आज स्वयंपाकघर बंद आहे. तुला उद्यापर्यंत काही मिळणार नाही."

काटा थेट शेवटच्या रेघेला जाऊन टेकला.

समरला खोलीत पाठवल्यावर इनामदार खुर्चीत बसले.

"आतड्यांच्या अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो," ते म्हणाले. "काही जीवाणू त्या थरावर जगतात. लांबच्या उपासमारीत तेवढेच तगतात. अन्न आलं की बाकीचे माजणार आणि यांचं राज्य जाणार. मग यांचा ओढरेणू वर काय कळवेल?"

"काही पाठवू नका, म्हणून," सुचेता हळूच म्हणाली.

"आणि ऐकलं की बक्षीस. उपाशी राहिलं की त्याला नशा येते, सुचेता. आपलं रोपण फसलेलं नाही. ते पुरेपूर यशस्वी झालंय."

"पण हे जीवाणू त्याच्यात आले कुठून?"

"आडात नसेल ते पोहऱ्यात येत नाही."

"सर, माझ्या आईला कसलं म्हणजे कसलंही व्यसन नाही. ती साधा चहासुद्धा..." ती बोलता बोलता थांबली.

"आपण तिच्यापुढे जगातलं सगळं ठेवलं," इनामदार म्हणाले. "फक्त रिकामं ताट ठेवलं नाही. माझी अम्मी महिनाभर रोजे धरते. संध्याकाळी खजूर समोर आला की तिचा काटा छताला लागेल. उपाशी माणसाचं असंच व्हायला हवं. पुरणपोळीपुढे उपाशी बाईचा काटा शून्यावर राहिला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी मात्र शून्य बघून हुरळलो."

पोराच्या दारूपायी आईने उपास धरले, उपासांनी तिच्या पोटात वसाहत वसवली आणि आम्ही ती उचलून पोराच्या पोटात नेऊन घातली, हा हिशेब सुचेताच्या मनात एका क्षणात जुळला. भावाला आगीतून काढून तिने फुफाट्यात ढकललं होतं.

"ही वसाहत औषधाने मारून टाकली तर?"

"तर त्याची उरलीसुरली जुनी वसाहत वर येईल आणि ती दारू मागेल. त्याचं यकृत ते सोसणार नाही. वाट एकच आहे. वसाहत नुसती मागते, घास उचलणारा हात माणसाचा असतो. ओढीच्या विरुद्ध जेवत राहिला, तर ती बदलेल. पण तसं त्याने ठरवायला हवं." मग ते म्हणाले, "आईंनाही बोलावून घे. त्या आपल्या दात्या नाहीत, रुग्ण आहेत."

शालनताई दुसऱ्या दिवशी आल्या. समर सुटला म्हणून त्यांनी देवीपुढे उपासांचं उद्यापन केलं होतं, गावजेवण घातलं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात बुधवार धरला होता. खाटेवर हाडांचा सापळा झालेला मुलगा बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. परिचारिकेने भाताची पेज दोन वाट्यांत आणून ठेवली.

"खा रे लेकरा. आईसाठी खा."

"तू खा आधी," समर म्हणाला.

"माझा बुधवार हाय."

"नवस फिटला न्हवं? मग बुधवार कशाला?"

"बरं वाटतं मला."

समर उठून बसला. सुचेता पुढे झाली. जीवाणू, रेणू, अस्तर, सगळं आईला कळेल अशा शब्दांत तिने मनात जुळवून आणलं होतं. तिला त्यातलं काहीच बोलावं लागलं नाही.

"दुपार कलली की डोस्कं हलकं हुतं," समर म्हणाला. "छातीवरचा दगड उतरतो. समदं लख्ख दिसाय लागतं. आन कुणी 'जेव' म्हटलं की त्याचा गळा धरावासा वाटतो. व्हय का न्हाई?"

शालनताईंचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तुझंच हाय ते, माझ्या पोटात."

"उपास आन दारू एकच व्हय रे? उपास देवाचा असतो."

"असतो की. देवाचा उपास सुटतो, आई. तुझा सुटतोय का?"

त्यांनी वाटी हाताने थोडी लांब सारली. मग खालमानेनेच बोलल्या, "उद्यापनाला समद्यांच्या देखत चार घास खाल्लं. मागं न्हाणीत जाऊन वकले. न्हाई सोसत रे मला अन्न. लई भ्या वाटतं."

सुचेताला आपली लाज वाटली. सगळा जन्म आतड्यांवर काढला आणि घरातल्या घरात आई अशी झिजत होती.

"कुणाला बोलली का न्हाईस?" तिने विचारलं. शास्त्रज्ञाची भाषा सुटून गावची बोली कधी तोंडी आली, ते तिलाही कळलं नाही.

"काय बोलू? बाया पाया पडाय येत्यात माझ्या."

"माझ्या कुणी पडलं न्हाई," समर म्हणाला, "म्हणून मी लवकर सापडलो."

त्याने चमचा उचलला. पेज तोंडात घेऊन त्याने ती कितीतरी वेळ तशीच धरली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग मान ताठ करून गिळली. दुसरा चमचा भरून त्याने आईच्या ओठांशी नेला.

"पयले काही दिस लई जड जात्यात," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय. मी हाय संगट. आ कर."

शालनताईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.